शुद्ध हरपण्यापूर्वी : मुखत्यारपत्र व अन्य आवश्यक कागदपत्रे

वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली यांना हक्काचे स्थान असते. ते या अहवालातही आहेच. परंतु प्रशासन विभागाच्या मेजासमोर वर्षभर अशी काही दुःखे येऊन उभी राहतात की, ज्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. त्यांपैकी एका दुःखाविषयी, आणि ते टाळण्याच्या उपायांविषयी, या लेखात लिहीत आहे.

एक सेवानिवृत्त गृहस्थ मेंदूतील रक्तस्रावामुळे बेशुद्धावस्थेत आपल्या अतिदक्षता विभागात दाखल झाले. आयुष्यभराची बचत त्यांच्या एकट्याच्या नावे मुदतठेवीत होती. गृहस्थ मोठे व्यवस्थित. आपल्या पश्चात अडचण येऊ नये म्हणून त्यांनी ठेवीवर पत्नीचे नामनिर्देशन केले होते आणि दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या नावे रीतसर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रही करून ठेवले होते. मुलगा ते घेऊन बँकेत गेला. अधिकाऱ्यांनी सहज विचारले, “वडील कसे आहेत?” मुलाने खरे ते सांगितले. त्याबरोबर अधिकाऱ्यांनी कागद परत केला. खातेदार बेशुद्ध असताना या मुखत्यारपत्रावर पैसे देता येणार नाहीत, असे त्यांनी नम्रपणे पण स्पष्ट सांगितले.

मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बिलाविषयी नव्हता. तो म्हणाला, “साहेब, मी खोटं बोललो असतो तर पैसे मिळाले असते ना?”

अकराव्या दिवशी ते गृहस्थ निवर्तले. मधल्या काळात घरातील दागिने गहाण पडले, नातलगांकडून उसनवारी झाली. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार आपण १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतो आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करतो. परंतु ठेवी बाळगणारे हे कुटुंब कागदोपत्री निर्धन नव्हते. त्यामुळे तो निधीही त्यांच्यासाठी वापरता आला नाही. पुढे मृत्यूचा दाखला दाखविताच नामनिर्देशनामुळे तीच ठेव पत्नीला मिळाली. जे पैसे माणूस वाचविण्यासाठी हाती आले नाहीत, ते माणूस गेल्यावर आले.

यात बँकेची चूक नव्हती, मुलाचीही नव्हती. चूक होती ती आपणा सर्वांच्या एका समजुतीत. मुखत्यारपत्र केले की सर्व परिस्थितीची तजवीज झाली, ही ती समजूत होय.

मुखत्यारपत्र म्हणजे काय

मुखत्यारपत्र म्हणजे एका व्यक्तीने आपल्या वतीने काही कामे करण्याचा अधिकार दुसऱ्या व्यक्तीस लेखी देणे. यासंबंधीचा कायदा १८८२ चा आहे. मात्र मुखत्यार आणि त्यास नेमणारा यांचे परस्परसंबंध प्रामुख्याने १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील अभिकर्तृत्वाच्या, म्हणजे एजन्सीच्या, तरतुदींनी ठरतात. एकाच कामापुरता अधिकार दिल्यास ते विशेष मुखत्यारपत्र आणि अनेक कामांसाठी सर्वसाधारण अधिकार दिल्यास ते कुलमुखत्यारपत्र होय.

ते योग्य मूल्याच्या मुद्रांकावर करावे लागते. नोटरीसमोर केल्याने त्याच्या खरेपणाविषयी बळकट पुरावा मिळतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारासाठी ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून रीतसर करून घ्यावे. वृद्धत्व अथवा आजारपणामुळे कार्यालयात जाणे शक्य नसल्यास दुय्यम निबंधकांना निवासस्थानी येण्याची विनंती करता येते, ही तरतूद १९०८ च्या नोंदणी अधिनियमात आहे. परदेशस्थ मुलामुलींनी तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मुखत्यारपत्र पाठविल्यास ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते.

मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात, केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, हे स्पष्ट केले. मुखत्यार हा मालक नव्हे, मालकाचा हात होय.

नेमक्या वेळी निकामी होणारा कागद

हात कोणाच्या इच्छेने चालतो? ज्याचा आहे त्याच्या. ती इच्छा करणारे मनच थांबले तर हातही थांबतो. करार अधिनियमाच्या कलम २०१ चे सूत्र असेच आहे. नेमणारी व्यक्ती मरण पावल्यास अथवा विकल मनाची झाल्यास मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. खोल बेशुद्धी व प्रगत स्मृतिभ्रंश यांनाही व्यवहारात हाच नियम लावला जातो. वाणिज्य शाखेत शिकताना हे कलम मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा खरा अर्थ अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उमगला.

इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने अशी मुखत्यारपत्रे मान्य झाली आहेत की, जी करणाऱ्याची निर्णयक्षमता गेल्यावरही टिकून राहतात. त्यांत आर्थिक व्यवहारांसाठी वेगळे आणि आरोग्य व देखभालीसाठी वेगळे, असे दोन प्रकार आहेत. अमेरिकेतील राज्यांतही तशी सोय आहे. तेथे स्थायिक झालेली आपली मुले ही व्यवस्था पाहतात आणि आईवडिलांना “एक पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवा, म्हणजे झाले,” असा सल्ला देतात. हेतू चांगला असतो. परंतु आपल्या देशात सर्वसाधारण मुखत्यारपत्राला असे टिकाऊपण देणारा कायदा नाही. “माझी शुद्ध हरपल्यासही हा अधिकार चालू राहील” असे वाक्य त्यात लिहून घेतल्याने कलम २०१ चा परिणाम टळेल, असे गृहीत धरू नये.

मग मुखत्यारपत्र निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. पाय मोडून अंथरुणास खिळलेले, दृष्टी अधू झालेले, वारंवार डायलिसिससाठी यावे लागणारे, परंतु मनाने पूर्ण सावध असलेले रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी मुखत्यारपत्र हा मोठा आधार आहे. शरीर थकले आणि मन जागे आहे, एवढीच त्याची मर्यादा आहे. त्यापलीकडील अवस्थेसाठी अन्य तजवीज करावी लागते.

पैशांची तजवीज

पहिला उपाय संयुक्त खात्याचा. “दोघांपैकी कोणीही एक अथवा हयात” या पद्धतीच्या बचत खात्यातून दोघांपैकी कोणासही स्वतःच्या सहीने पैसे काढता येतात. तेथे जोडीदार मुखत्यार म्हणून नव्हे, तर स्वतः खातेदार म्हणून सही करीत असतो. मात्र मुदतठेवीच्या बाबतीत एक बारकावा अनेकांच्या ध्यानात येत नाही. ठेव अशा पद्धतीने संयुक्त नावावर असली, तरी मुदत पूर्ण झाल्यावर एकाची सही पुरते. मुदतीपूर्वी मोडावयाची झाल्यास बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. तेव्हा सर्व बचत ठेवींत अडकवून न ठेवता, एखाद्या गंभीर आजाराचा प्रारंभीचा खर्च भागेल इतकी रक्कम संयुक्त बचत खात्यात असावी. तसेच ठेव मुदतीपूर्वी मोडण्याविषयी आपल्या बँकेचा नियम आजच विचारून घ्यावा.

दुसरी बाब नामनिर्देशनाची. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. ते अवश्य करावे. परंतु नामनिर्देशित व्यक्तीला खातेदाराच्या हयातीत कोणताही अधिकार नसतो. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाची फसगत येथेच झाली. मृत्युपत्रासही हेच लागू आहे. आजारपणात दोन्ही कागद मुके असतात.

तिसरी सोय फारशी परिचित नाही. खातेदार आजारी असून सही करू शकत नसेल, पण शुद्धीवर असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार त्याच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येतात. हा ठसा बँकेच्या माहितीतील दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटविता येत नसल्यास अन्य खूण, अगदी पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा, चालू शकतो. रुग्णालयात दाखल असलेल्या खातेदारांच्या नातेवाइकांनी आपल्या शाखेस तशी लेखी विनंती करावी.

उपचारांचा निर्णय कोणाचा

“सही कोण करणार?” या प्रश्नावर आपल्याकडे बहुधा पती, थोरला मुलगा अथवा जावई पुढे सरसावतो आणि ज्याच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची तो रुग्ण, विशेषतः स्त्री रुग्ण, गप्प राहतो. कायद्याची भूमिका निराळी आहे. समीरा कोहली प्रकरणात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सज्ञान व निर्णयक्षम रुग्णाची संमती रुग्णानेच द्यावयाची असते आणि जिवाला तातडीचा धोका नसताना तिच्याऐवजी नातलगाची संमती चालत नाही. त्या प्रकरणात रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत असताना आईची संमती घेण्यात आली होती. न्यायालयाने ती पुरेशी मानली नाही.

याचा दुसरा अर्थ असा की, आर्थिक व्यवहारांचे मुखत्यारपत्र दाखवून कोणासही शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने शस्त्रक्रियेस होकार अथवा नकार देता येत नाही. आपल्या रुग्णालयात संमतिपत्रावर प्रथम रुग्णाचीच सही घेतली जाते. नातेवाइकांनी हा आपला अवमान समजू नये.

मानसिक आजाराच्या संदर्भात मात्र कायद्याने स्पष्ट व्यवस्था केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीस साध्या कागदावर, सही अथवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. मानसिक आजार झाल्यास आपणावर कसे उपचार व्हावेत वा होऊ नयेत, याविषयीचे आगाऊ निर्देशही देता येतात. ज्या घरात असा आजार पूर्वी होऊन गेला आहे, त्या घराने रुग्ण बरा असतानाच या तरतुदीचा लाभ घ्यावा.

आगाऊ वैद्यकीय निर्देश

आजार बरा होण्याची आशा नाही, शुद्ध परत येण्याची शक्यता नाही आणि श्वास यंत्रावर चालू आहे, अशा वेळी काय करावे, हा कोणत्याही कुटुंबापुढील सर्वांत कठीण प्रश्न होय. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणामुळे हा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने, सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून, आगाऊ वैद्यकीय निर्देशास म्हणजेच ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. आरंभी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती. त्यामुळे ही सोय कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही पद्धत सुलभ केली.

आता सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीने हा निर्देश स्वेच्छेने लिहून दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि तो नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावा. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे त्यात स्पष्ट असावे. स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ झाल्यास ज्यांनी आपल्या वतीने बोलावे, अशा एक किंवा अधिक पालकांची अथवा निकटच्या नातलगांची नावे त्यात लिहावयाची असतात. आर्थिक मुखत्यारपत्र जेथे संपते, तेथे हा कागद बोलू लागतो. आरोग्यविषयक मुखत्यारपत्राच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडील व्यवस्था हीच होय.

निर्देशाची एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका अथवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे जतनासाठी द्यावयाची असते. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांमध्ये त्यासाठी अभिरक्षक नेमण्यात आले आहेत. गोव्यात मे २०२४ मध्ये, त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठावर असलेले न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा निर्देश करून समाजापुढे उदाहरण ठेवले. दुसरी प्रत कौटुंबिक डॉक्टरांकडे असावी. हा निर्देश केव्हाही लेखी रद्द करता येतो अथवा बदलता येतो.

अशा कागदाचा कोणी गैरफायदा घेईल, ही भीती स्वाभाविक आहे. म्हणूनच तो आपोआप अमलात येत नाही. प्रथम उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर व आणखी किमान दोन वेगळे तज्ज्ञ यांचे दुय्यम मंडळ ते तपासते. नेमलेल्या व्यक्तींची संमती घेतली जाते आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळविले जाते. शिवाय उपचार थांबविणे म्हणजे शुश्रूषा थांबविणे नव्हे. वेदनाशमन, स्वच्छता आणि मायेचा हात शेवटपर्यंत चालूच असतो.

काहीच केले नसेल तर

बेशुद्ध सज्ञान व्यक्तीची मालमत्ता व व्यवहार यांसाठी पालक नेमण्याचा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. अशा कुटुंबांना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२० मध्ये कोमातील पतीच्या पालक म्हणून पत्नीची नियुक्ती केली. म्हणजे दार बंद नाही. परंतु रुग्ण खाटेवर आणि कुटुंब न्यायालयात, अशी ही धावपळ असते. त्यासाठी वकील, वैद्यकीय अहवाल, खर्च व वेळ लागतो. वेळ तर रुग्णाजवळही नसतो.

खाटेवर केलेले कागद

काही नातलग रुग्ण बेशुद्ध झाल्यावर मुद्रांक कागद घेऊन येतात. “सिस्टर, नुसता अंगठा तर घ्यायचाय,” असे रात्रपाळीच्या परिचारिकेस सांगितले जाते. कधी ही विनंती खऱ्या अगतिकतेतून येते, कधी तीमागे भावाभावांतील वाद असतो. दोन्ही प्रसंगी आमचे उत्तर नकाराचेच असते. बेशुद्ध माणसाचा अंगठा हा केवळ शाईचा डाग असतो, त्यात त्याची इच्छा नसते. असा कागद कायद्यापुढे टिकत नाही आणि तो करणारे फौजदारी कारवाईस पात्र ठरू शकतात.

रुग्ण सावध असून स्वेच्छेने कागद करू इच्छित असेल, तर मात्र आम्ही सहकार्य करतो. उपचार करणारे डॉक्टर त्याच दिवशी रुग्णास तपासून त्याच्या मानसिक सावधतेविषयी लेखी दाखला देतात. रुग्णाशी बोलताना लाभार्थी नातलगांना बाहेर थांबविले जाते. साक्षीदार कुटुंबाने बाहेरून आणावेत, रुग्णालयाचे कर्मचारी साक्षीदार होत नाहीत.

मुखत्यार कोणास नेमावे

मुखत्यार प्रेमळ असावा, त्याहून तो हिशेबी असावा. करार अधिनियमाच्या कलम २१३ नुसार मागणी होताच हिशेब सादर करणे हे त्याचे कर्तव्य आहे. स्वतंत्र वहीत प्रत्येक जमा व खर्च पावतीसह लिहिण्याची शिस्त आरंभापासून ठेवावी. भावंडांतील कित्येक भांडणे पैशांवरून नव्हे, तर न दाखविलेल्या हिशेबावरून होतात, असे मी पाहिले आहे.

अधिकार आवश्यक तेवढेच द्यावेत. बँक व्यवहारांसाठी नेमलेल्यास घर विकण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही. मोठ्या रकमेसाठी दोघांनी मिळून सही करावी, अशी अट घालता येते. विश्वास उडाल्यास मुखत्यारपत्र लेखी रद्द करून बँकेस व संबंधितांस तत्काळ कळवावे. तसे न कळविल्यास, त्यांना माहिती होईपर्यंत झालेले व्यवहार आपणावर बंधनकारक ठरू शकतात.

समारोप

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देणे राहिले आहे. कलम २०८ नुसार अधिकार संपल्याची गोष्ट समोरच्याला माहीत नसेल, तर त्याच्यापुरता तो अधिकार चालू धरला जातो. म्हणजे तो खोटे बोलला असता, तर कदाचित पैसे मिळाले असते. बँक सुरक्षित राहिली असती. वडिलांची अवस्था ठाऊक असताना सही करणारा मुलगा मात्र कायम जबाबदार राहिला असता, आणि पुढेमागे धाकट्या भावाने हिशेब विचारला असता तर त्याच्याजवळ उत्तर नसते. त्या दिवशी मी त्याला एवढेच म्हणालो, “तुम्ही खरे बोललात, ते योग्यच केलेत.” हे उत्तर खरे होते, पण त्याच्या उपयोगाचे नव्हते. आईवडिलांची सेवा करू पाहणाऱ्या मुलावर खरे बोलणे आणि औषधे आणणे यांतून एकाची निवड करण्याची पाळी येऊ नये, हाच या लेखनाचा हेतू आहे.

म्हणून सर्व हितचिंतकांना विनंती आहे की, घरातील सर्वजण धडधाकट असतानाच एका सायंकाळी एकत्र बसावे. संयुक्त खाते, नामनिर्देशन, मर्यादित मुखत्यारपत्र, आगाऊ वैद्यकीय निर्देश आणि मृत्युपत्र हे पाच विषय क्रमाने घ्यावेत. कागद कोठे ठेवले आहेत, हे किमान दोघांना ठाऊक असावे. प्रत्यक्ष मसुदा जाणकार वकिलाकडून करून घ्यावा. प्राथमिक माहितीसाठी आमच्या समाजसेवा विभागात कामाच्या दिवशी अवश्य यावे. तेथे कोणतेही शुल्क आकारले जात नाही.

मरणाचा विषय घरात काढू नये, असे आपल्याकडे मानतात. परंतु हा विषय मरणाचा नाही. आजारपणात आपल्या माणसांची ओढाताण होऊ नये, यासाठी जिवंतपणी घेतलेली ही काळजी आहे.

— प्रशासकीय अधिकारी